तीन एकर, तीन नावं आणि पहिलं वर्ष

जळगाव जिल्ह्यात, तापीच्या उत्तरेला, आमचं तीन एकराचं काळं वावर आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर २१ आर. एक विहीर, बांधावर दोन निंब आणि एक बोर. स्वच्छ दिवशी उत्तरेला सातपुडा दिसतो. मार्च २०२४ मध्ये आबा, माझे वडील, गेले. धाकटा भाऊ सुरतेला नोकरीला, मी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिणारी, आणि आई घर सोडायला तयार नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेलेली असल्यामुळे मला निघणं जमण्यासारखं होतं. नवऱ्याशी बोलून मी एक वर्ष गावी राहायचं ठरवलं. कोणी सल्ला विचारतं तेव्हा फोनवर तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

पहिलं काम वारस नोंदीचं. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा असं सांगतात, आणि ते खरंच पाळावं. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करता येतो. मी मात्र कागदांचा गठ्ठा घेऊन तलाठी आप्पांकडेच गेले. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून 'तलाठी आप्पा'च म्हणतात.) मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते-वयं लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, सगळ्यांची आधार कार्डं, रेशनकार्ड आणि जुना सातबारा एवढं लागलं. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेवा. बँक, सोसायटी, वीज कंपनी, विमा, प्रत्येक ठिकाणी एक द्यावी लागते. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांची स्पेलिंग आणि काना-मात्रा आधीच ताडून पाहा. आमच्याकडे आबांचं नाव सातबाऱ्यावर एका प्रकारे आणि बँकेत दुसऱ्या प्रकारे होतं. 'दोन्ही व्यक्ती एकच' असं वेगळं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

वारस नोंदीला फी नाही. अर्ज आला की तलाठी आधी गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत नोंद करतात, चौकशी होते, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, पडतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात, आणि कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. सांगायला चार ओळी. आमच्या वेळी मध्ये लोकसभा निवडणूक आली. जळगाव आणि रावेर या दोन्ही मतदारसंघांत १३ मे रोजी मतदान होतं. त्याआधीचा महिनाभर सगळा महसूल विभाग याद्या, प्रशिक्षण आणि मतदान यंत्रांमागे. त्यामुळे फेरफाराची नोटीस मे महिन्याच्या शेवटी निघाली आणि नोंद प्रमाणित झाली जून संपता संपता. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडलं की आपल्या फेरफाराची नोटीस आणि स्थिती दिसते. मी चहा ठेवला की ते उघडून बसायची. आईला वाटायचं, मी भाव बघते आहे.

याच काळात एक प्रश्न मला फार जणांनी विचारला: "मग हक्कसोड कधी करताय?" बहिणीने सही करून मोकळं व्हायचं, हे इतकं गृहीत आहे की विचारणाऱ्याच्या मनात वाईटपणाही नसतो. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तुझं नाव राहू दे. करणारी तू आहेस, तर नाव कोणाचं असणार?" त्यामुळे सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. सामाईक खातं. त्या निर्णयाचा मला आनंदच आहे, पण सामाईक खात्याचं ओझं किती कागदांवर पडतं ते पुढे येईलच. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. पहिला निघाला तेव्हा आईने तो देवाजवळ ठेवला.

आबांच्या नावावर विकास सोसायटीचं पीककर्ज होतं, साठ हजारांच्या आसपास. सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याचा बोजा. आम्ही भावंडांनी ते मिळून भरलं, कारण बोजा आणि मयत कर्जदार असं दोन्ही घेऊन नवीन कर्जासाठी रांगेत उभं राहण्यात अर्थ नव्हता. कर्ज भरलं की सोसायटीचा बेबाकी दाखला (काही देणं उरलं नसल्याचा) लगेच घ्या आणि बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. तो आपोआप निघत नाही.

आबा आजारी पडल्यापासून वावर शेजारच्या बापूंकडे नफ्याने, म्हणजे कसायला दिलेलं, होतं. आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला उलटतं. सालदाराचा करार, नफ्याचा व्यवहार, सगळं अक्षय्य तृतीयेला संपतं आणि नवीन सुरू होतं. १० मे २०२४ ला आखाजी होती. गल्लीत सासरहून आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि आमच्या ओट्यावर बापू शेवटचा हिशेब करत होते. तोंडी व्यवहार होता, तरी मी एका वहीत 'आजपासून वावर परत घेतलं, देणंघेणं बाकी नाही' असं लिहून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घेतले. बापूंना ते जरा लागलं असावं. "आबा असते तर वही लागली नसती," म्हणाले. खरं आहे. पण आबा नव्हते आणि माझं पोट वह्यांवरच भरत आलं आहे.

मे महिन्याबद्दल खान्देशाबाहेरच्यांना काय सांगावं! त्या वर्षी महिनाअखेरीला पारा ४५ च्या वर होता आणि केळीची पानं उभ्या उभ्या भाजत होती. नांगरटीचा ट्रॅक्टर पहाटे बोलवायचा, दहाला घरी परतायचं आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत दार उघडायचं नाही. नांगरटीला एकरी १,८०० आणि नंतर रोटाव्हेटरला १,२०० रुपये गेले. नांगरट झाली की ढेकळं उन्हात तापू द्यावीत, लगेच रोटाव्हेटर फिरवू नये. जमिनीतल्या अळ्या, कोष वर येतात आणि बगळे त्यांचा समाचार घेतात. तो महिना मी गच्चीवर झोपले. नाशिकच्या फ्लॅटची सवय झालेल्या माणसाला रात्री एकला सुटणाऱ्या वाऱ्याची किंमत कळायला वेळ लागत नाही.

पेरणीचा बेत आईने सांगितला तसा ठरला. दोन एकर कापूस, एक एकर मूग, आणि मूग निघाल्यावर त्याच एकरात दादर. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, आणि भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही. त्यातलेच विहिरीच्या कडेचे पाच गुंठे भरताच्या वांग्यांसाठी राखले. रोपं आईने यावल तालुक्यातल्या बामणोदच्या बियाण्याची मिळवली. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण आईचा त्याच्याशी संबंध नाही. तिचं मोजमाप एकच, वांगं भाजलं की साल हातात सुटून आली पाहिजे.

कापसाच्या बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं पाकीट त्या हंगामात ८६४ रुपयांना होतं, सरकारने ठरवलेला भाव. एकरी दोन पाकिटं. ज्या वाणाची गावात चर्चा असते त्याचा तुटवडा दाखवून जास्त पैसे मागणारे भेटतात. मी दुसरा वाण घेतला आणि पक्की पावती घेतली. पावती, रिकामं पाकीट आणि थोडं बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, उगवणीची तक्रार करायची वेळ आली तर हेच तीन पुरावे.

मृग ८ जूनच्या सुमाराला लागतं. वळवाचा एक पाऊस पडला आणि अर्ध्या गावाने सरकी लावायला काढली. माझेही हात शिवशिवत होते. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बापूंनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं: "पानी यी, घाई नको करू." जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दमदार पाऊस झाला, मग वापसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत तीन दिवस थांबून चार फूट बाय दीड फुटावर सरकी लावली. मूग तिफणीने पेरला. लावणीला आलेल्या बायांना अडीचशे रुपये रोज. लावणीच्या दिवशी त्यांनी आधी आईच्या हाताने पाच दाणे टाकून घेतले. कोणी सांगितलं नव्हतं, तेच ठरलेलं होतं.

पुढचे दोन महिने निंदणी, कोळपणी, खत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १,३५० ला, हे भाव गोणीवर छापलेले असतात. गोणीसोबत नको असलेली बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. नाही म्हणायला शिका. कोळपणीला बापूंची बैलजोडी दिवसाच्या भाड्याने घेतली. कपाशी गुडघ्याच्या वर गेल्यावर ट्रॅक्टर चालत नाही, तिथे बैलाशिवाय पर्याय नाही. तण असं वाढतं की आज स्वच्छ केलेल्या ओळीत आठ दिवसांनी पुन्हा हिरवं. या दिवसांत माझी कंबर धरली, हाताला फोड आले आणि झोप फार छान लागायला लागली.

आता कागदांकडे येते, कारण पावसाळ्यातच सगळ्या मुदती असतात आणि तेव्हाच माणसाला वावरातून मान वर करायला फुरसत नसते. खरीप २०२४ ला पीक विमा एका रुपयात होता. (ती योजना पुढच्या वर्षी बंद झाली. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावा लागतो.) सामाईक खातं असल्यामुळे इतर खातेदारांचं संमतीपत्र लागलं. सुविधा केंद्रवाल्याला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून पैसे मिळत असल्यामुळे आपण एक रुपयापेक्षा जास्त द्यायचं कारण नव्हतं. हे बोलून दाखवल्यावर एरवी शंभर मागणारा माणूस गोड हसला.

१ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी. माझ्या मते शेतकऱ्याच्या वर्षातलं हे सगळ्यात महत्त्वाचं दहा मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचा प्रकार भरायचा आणि प्रत्यक्ष वावरात उभं राहून फोटो काढायचा. गटापासून लांब असलात तर ॲप फोटो घेत नाही. ही नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही; पीक लागलं नाही तर हमीभावाने कापूस विकता येत नाही, विम्याचा दावा अडतो, नुकसानभरपाईची यादी आपल्याला सोडून पुढे जाते. आमच्या भागात सकाळी सर्व्हर चालत नाही. दुपारी बारा-एकला, सगळे जेवायला बसलेले असताना, लगेच होतं. सामाईक गटात प्रत्येकाने आपापलं क्षेत्र नोंदवायचं असतं. आम्ही घरात आधी ठरवलं की कापूस माझ्या नावाने आणि मूग आईच्या नावाने लावायचा. हे ठरवताना पुढे माल कोणाच्या बँक खात्यावर विकायचा तेही ठरवून टाका. विहिरीची नोंद बरोबर आहे का हेही याच वेळी पाहा. वीज जोडणी आबांच्या नावावर होती, ती बदलायलाही वारस नोंदीचा फेरफारच लागला.

११ ऑगस्टला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, भाऊबंदांत कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली. सुरत, पुणे, नाशिककडची माणसं रोटांच्या प्रसादासाठी एक दिवस का होईना घरी आली. भाऊही आला, तेव्हा त्याच्याकडून वर्षभर लागणाऱ्या संमतीपत्रांवर सह्या घेऊन ठेवल्या. माझ्यासारख्या सामाईक खातेदारांनी हे नक्की करावं. सणाला माणूस हाताशी असतो, नंतर एका सहीसाठी कुरिअर करत बसावं लागतं. २ सप्टेंबरला पोळा. आमच्याकडे बैल नाहीत, पण कोळपणी ज्या जोडीने केली ती बापूंनी सजवून आमच्या दारात आणली. आईने खापरावरची पुरणपोळी केली होती. वहीवरून आलेलं जे काही अंतर होतं, ते त्या दिवशी मिटलं असं मला वाटतं. बापू काही बोलले नाहीत.

कापसाला फुलं लागली की गुलाबी बोंडअळीची धास्ती सुरू होते. एकरी दोन कामगंध सापळे लावले. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ झाली असं समजायचं. त्याआधी डोमकळ्या, म्हणजे गुलाबासारखी मिटून राहिलेली फुलं, वेचून जाळायची. पहिल्या दोन फवारण्या पाच टक्के निंबोळी अर्काच्या केल्या. निंबोळ्या आमच्याच बांधावरच्या, जूनमध्ये वेचून वाळवलेल्या. नंतर मात्र औषध वापरावं लागलं, त्याशिवाय भागलं असं मी सांगणार नाही. फवारणारा माणूस मास्क लावायला तयार नव्हता. मी पंप दिलाच नाही, तेव्हा लावला.

सप्टेंबरात मुगाची तोडणी चालू असताना पाऊस लागून राहिला. शेंगा झाडावरच फुगल्या, काहींना कोंब आले. एका एकरात अडीच क्विंटल मूग निघाला, तोही डागी. बाजार समितीत क्विंटलला साडेसहा हजारांच्या आत गेला. पिकाचं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं, ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर. कळवल्याचा क्रमांक येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पाहणीला माणूस आला, अर्ज भरला, माझी सही घेतली. मी अर्जाचा फोटो मागितला तर त्याला नवल वाटलं. तरी घ्याच. नुकसानीचा टक्का किती लिहिलाय ते त्यावरच कळतं.

मूग उपटून, वखर मारून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दादर पेरली. त्या पावसाने मूग नासवला, पण दादरीला अशी ओल ठेवून गेला की पुढे तिला एकच पाणी द्यावं लागलं.

कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आधी झाली. सातपुड्याच्या पायथ्याकडची पावरा कुटुंबं या दिवसांत वेचणीला उतरतात. दर किलोला दहा रुपये होता, डिसेंबरात बारा झाला. परतीच्या पावसाने पहिल्या वेचणीचा कापूस भिजला, पिवळा पडला. तो ठेवण्यात अर्थ नव्हता. खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला साडेसहा हजारांनी पाच क्विंटल दिला. उरलेला कापूस मात्र वाळवून, पिवळा-पांढरा वेगळा करून खोलीत भरला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता आणि गावात व्यापारी सात हजारांपर्यंतच बोलत होते, म्हणून सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर न्यायचं ठरवलं. तिथे चालू हंगामाचं पीक लागलेला सातबारा, आधार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, आठ ते बारा असेल तर टक्क्यामागे कपात, आणि बाराच्या वर घेतच नाहीत. सकाळच्या दवात गाडी भरू नका. दुपारी तीनला, ऊन खाल्लेला कापूस भरा. आमचा दहाच्या आत भरला. धाग्याची लांबी आणि ओलावा धरून ७,३०० च्या आसपास भाव पडला. केंद्राबाहेर गाड्यांची रांग होती, रात्र गाडीतच काढली. रांगेतल्या एका आजोबांचा कापूस घरचाच, पण पीक पाहणी राहिलेली. ते गाडी वळवून खासगी जिनिंगला गेले. पैसे साधारण दहा दिवसांनी खात्यात आले.

थंडी पडली आणि वावरात भरीत पार्ट्या सुरू झाल्या. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडाच्या बडगीत मिरच्या-लसणासकट ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. आमच्या पाच गुंठ्यांतली वांगी घरी, नातेवाइकांत आणि आठवडे बाजारात गेली. आईने हिशेब ठेवू दिला नाही, वांग्यांचा हिशेब ठेवायचा नसतो म्हणे. त्यामुळे माझ्या वहीत वांग्यांच्या नावापुढे नुसती रेघ आहे.

रात्रीच्या पाण्याबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. शेतीपंपाची वीज आलटून पालटून येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. डिसेंबर-जानेवारीत, आठ-नऊ अंश थंडीत, रात्री बाराला मोटर चालू करायला जायचं. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं आहे, पण अंधार आणि साप माफ होत नाहीत. त्यात बिबट्या दिसल्याची बातमी. मी कधीच एकटी गेले नाही. बापूंचा मुलगा आणि मी, दोन्ही वावरांचं पाणी एकाच रात्री, असं जोडून घेतलं. गमबूट, डोक्याला लावायची बॅटरी, मोठ्याने लावलेला रेडिओ. बाईने रात्री वावरात जावं का, यावर गावात बोलणं झालं असेलच. पाणी भरल्यावर ते थांबलं.

१६ डिसेंबरपासून राज्यात ॲग्रिस्टॅकची शेतकरी ओळख क्रमांकाची मोहीम सुरू झाली. जानेवारीत आमच्या गावात शिबिर लागलं तेव्हा आईचा आणि माझा क्रमांक काढला. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा लागतो, पैसे लागत नाहीत. आईच्या बोटांचे ठसे उमटेनात, तिच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने काम झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला आहे का ते आजच बघा. पुढे प्रत्येक योजनेला हा क्रमांक मागू लागले आहेत.

जानेवारीअखेर कपाशी उपटली. पाणी होतं, दोन क्विंटल फरदड (त्याच झाडांवरचा पुढचा कापूस) आरामात मिळाली असती, आणि बऱ्याच जणांनी घेतलीही. पण बोंडअळीला पुढच्या जूनपर्यंत घर मिळू द्यायचं नसेल तर हे करावंच लागतं. पऱ्हाट्या निम्म्या चुलीसाठी ठेवल्या, निम्म्या कुट्टी करून वावरात पसरल्या. त्याच आठवड्यात दादरीचा हुरडा. मार्चमध्ये दादर कापली, कणसं खुडली, मळणी झाली. सहा क्विंटल. अडीच घरी ठेवली, बाकीची आणि कडबा विकला. एप्रिलमध्ये आईने शेजारणींना जमवून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातल्या. अख्खी गच्ची पांढरी, आणि कावळे हाकलायला मी.

हिशेब मागतात म्हणून देते. दोन एकर कापसाला नांगरटीपासून वाहतुकीपर्यंत साधारण ५९ हजार खर्च, आणि पंधरा क्विंटलचे १ लाख ५ हजार आले. मूग आणि दादर मिळून, घरी ठेवलेलं धान्य सोडून, खर्च वजा जाता पंधरा-सोळा हजार. म्हणजे वर्षाचे हातात साठ हजारांच्या आसपास, आणि त्यात माझी नि आईची मजुरी धरलेली नाही. नाशिकचा माझा तीन महिन्यांचा पगार याहून जास्त होता. दोन-चार क्लायंटची कामं मी गावातून, रात्री, इंटरनेट असेल तेव्हा करत राहिले. घरखर्च त्यावर चालला. नोकरी सोडून तीन एकरांवर जगू म्हणणाऱ्यांनी हे आकडे घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावेत.

ठिबकचा अर्ज मी सप्टेंबरमध्येच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर केला होता. अल्प आणि सीमांत शेतकऱ्याला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याचं पूरक धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. हे टक्के सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या कोटेशनवर नाही. निवड झाल्याचा निरोप फेब्रुवारीत आला. मग सातबारा, आठ अ, कोटेशन आणि सामाईक खातेदारांची संमती अपलोड करायची, पूर्वसंमती मिळाली की मगच खरेदी. त्याआधी घेतलेल्या नळ्यांवर अनुदान मिळत नाही. पूर्ण पैसे आधी आपण भरायचे. मी फक्त दोन एकरांचं घेतलं. जोडणी झाली, मोका तपासणी झाली, अनुदान हे लिहीपर्यंत आलेलं नाही. हातात तेवढी रक्कम अडकवून ठेवायची ऐपत असेल तरच यात पडा, किंवा आधी बँकेशी बोलून घ्या.

शेवटचं काम मोजणीचं. तीन-चार वर्षं दोन्ही वावरं बापूच करत असल्यामुळे मधला बांध नांगराखाली जवळजवळ गेला होता. त्यांच्याशी भांडण नव्हतं, म्हणूनच आत्ताच मोजून घ्यावं असं मला वाटलं. भांडण झाल्यावर मोजणीचा अर्ज केला की तो शत्रूने केलेला वाटतो. जानेवारीत ई-मोजणीवर अर्ज भरला. दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीची फी २,००० रुपये, द्रुतगतीची ८,०००. मी नियमित भरली. तारीख मे महिन्याची मिळाली. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. आपण स्वतःही आधी जाऊन सांगावं, कागद हातात पडल्यावर माणूस दचकतो. भूकरमापक रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र) घेऊन आले, दोन तासांत काम झालं. बांध पूर्वेच्या टोकाला आमच्याकडे पिकाच्या दोन ओळींइतका सरकलेला निघाला आणि पश्चिमेच्या टोकाला त्यांच्याकडे थोडा. बापू खुणांवरून चालत गेले आणि म्हणाले, "म्हणजे तिरपा होता तर." हद्दीच्या खुणा दाखवून झाल्यावर जबाबावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, काही आठवड्यांनी मिळाली, ती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत तशीच ठेवा.

आता खुणांवर दगड रोवायचे आहेत. दगड, मजुरी आणि ट्रॅक्टर मिळून अडीच हजार सांगितलेत, निम्मे बापू देणार आहेत. या वेळी वही त्यांनीच मागितली.